अकरा वस्तूंचा झेंडा

चाळीस वर्षं शाळेत शिकवलं नणंदेनं, आणि गाव मास्तरीण म्हणतं भावजयीला. यात कुणाचा दोष नाही. भावजयीचा नवरा शिंपी. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून त्याची बायको मास्तरीण. नणंद मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, तरी तिच्या वाट्याला आलं ते 'हेडबाई' एवढंच, आणि तेही पाठीमागं. तोंडावर तिला काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. शाळेत ती एका मुलाला ओरडली तर तीन गल्ल्यांपलीकडची कर्ती माणसंसुद्धा हातातलं काम सोडून सरळ बसायची.

मास्तर-मास्तरणीचं दुकान झेंड्यांचं. कपडे शिवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. मास्तरीण म्हणायची, "झेंड्याला पोट सुटत नाही, आणि तो परत येऊन काखेत घट्ट होतंय म्हणत नाही." पुढच्या खोलीत जुन्या दाराचं केलेलं कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनं, मागच्या भिंतीला रंगवार लावलेले तागे. खेळाच्या संघांचे, शाळांचे, कामगार संघटनांचे झेंडे, रस्ता खणणाऱ्यांची लाल निशाणं, सगळं इथूनच जायचं. एकदा मोर्चेवाल्यांचे काळे झेंडे आणि ज्यांच्याविरुद्ध मोर्चा होता त्यांचे रंगीत झेंडे एकाच आठवड्यात एकाच मशीनवर शिवून झाले. घाई दोघांनाही होती. तिनं दोघांनाही रांगेत उभं केलं.

नगरपालिकेवरचा झेंडाही याच दुकानातला. गडद हिरव्यावर खालच्या कोपऱ्यातून वर गेलेला एकच रुंद पिवळा पट्टा. हिरवा म्हणजे शेतं, पिवळा म्हणजे भरभराट, आणि पट्टा तिरका म्हणजे गावाची सदैव वर जाणारी वाटचाल, असं शाळेत पाठ करून घेतात. पाठ करून घ्यायला सुरुवात केली ती हेडबाईंनीच, आणि खरं काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. मास्तरांच्या वडिलांना, म्हणजे हेडबाईंच्याही वडिलांना, नगरपालिकेनं दोन दिवसांत झेंडा मागितला तेव्हा दुकानात दोनच तागे उरले होते. त्यातल्या पिवळ्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला. भोक चुकवून कापायचं म्हणून म्हाताऱ्यानं पट्टा तिरका घेतला. म्हणजे गावाच्या वाटचालीचा निम्मा आराखडा उंदराचा. तरी झेंडा असा जमला, की गावातलं कुठलंही पोर डोळे मिटून तो काढून दाखवायचं.

म्हाताऱ्याची एक रीत होती. नवा झेंडा तयार झाला की तो बादलीत बुडवायचा, पिळायचा नाही, आणि तसाच निथळता खांबाला बांधायचा. मग रस्ता ओलांडून पलीकडं जायचं आणि वळून बघायचं. वारा पडलेला, कापड ओलं, झेंडा लोंबतोय. तरी तो कुणाचा हे कळलं तर झेंडा चांगला. नाही कळलं तर ते नुसतं कापड, भांडी पुसायला घ्या. "वारा काय, कुणालाही फडकवतो," म्हातारा म्हणायचा. मास्तरणीनं ही रीत सासऱ्याकडून उचलली आणि गिऱ्हाइकांशी भांडायला वापरली. कुणी झेंड्यावर वाघ मागितला की ती विचारायची, "ओला झाल्यावर मांजर दिसलं तर चालेल का?" सुट्या टोकाला काही नाजूक काढू द्यायची नाही, कारण वाऱ्यानं तेच टोक आधी विरतं. आणि अक्षरं तर नाहीच नाही. झेंडा ओळखायचा असतो, वाचायला घरी पेपर येतो, असं तिचं म्हणणं.

आता दुखणं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी मास्तरांचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेकडेचं दिसायचं, मोठे रंग दिसायचे, पण जिकडं बघावं नेमकं तिथं मधोमध धूर. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं टिकवू, गेलेलं येणार नाही. कात्री मास्तरीण चालवू लागली आणि मास्तर हातानं कापड चाचपून तागा सांगू लागले. गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. पण लागू द्यायचा नव्हता तो एकाच माणसाला.

कारण म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले तेव्हा हेडबाई आठव्या दिवशी गाडी घेऊन आल्या होत्या. "इथं मशिनं, कात्र्या, पायऱ्या. मी नेते," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. खोली छान दिली. खिडकीला जाळी, उशाशी रेडिओ, दोन वेळा गरम जेवण. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हेच तर अवघड होतं. खोट्या प्रेमाशी भांडता येतं. म्हातारा तिथं तीन वर्षं जगला आणि उंबऱ्याबाहेर एकदाच पडला, तेव्हा त्याला चौघांनी उचललेलं होतं.

"ताईला कळता कामा नये," मास्तरांनी बायकोकडून वचन घेतलं होतं. "ती मला जिवंतपणी कपाटात ठेवेल. वर घडी घालून."

तेव्हापासून मास्तरांचं सगळं बळ एका गोष्टीत होतं. दुपारी चारला ते एकटे घराबाहेर पडत आणि वाचनालयात जात. तिथं त्यांचा दोस्त, निवृत्त पोस्टमन, त्यांना पेपर वाचून दाखवायचा, आणि मग दोघं मिळून पेपरातल्या प्रत्येकाची अक्कल काढायचे. जायचं कसं, तर भिंतीच्या कडेनं एकशे दहा पावलं, मग गल्ली संपून आभाळ मोकळं होतं तिथं थांबायचं. समोर उंचावर हिरव्यात पिवळा तिरका पट्टा दिसला की तो उजव्या खांद्यावर ठेवून डावीकडं वळायचं. वारा असो नसो, पट्टा दिसायचाच. त्या चौकात चार रस्ते फुटतात आणि सगळ्या इमारती धुरकट राखाडी. झेंडा नसता तर मास्तरांना ते चारही रस्ते सारखेच.

आणि नेमकी नगरपालिकेच्या पंचाहत्तरीनिमित्त नव्या झेंड्यासाठी समिती बसली. अध्यक्ष हेडबाई.

समितीत सात माणसं. कुणाला दुखवायचं नाही, हा ठराव पहिल्याच बैठकीत एकमतानं झाला आणि झेंडा तिथंच मेला. सुतार संघटनेच्या अध्यक्षानं करवत आणली. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरनं टाकी. तलावाच्या ठेकेदारानं तलाव मागितला, आणि तलाव रिकामा वाईट दिसेल म्हणून मासा. घड्याळजीनं घड्याळाचा मनोरा, वेळ दहा वाजून दहा मिनिटं. मग पूल, मिळवलेले दोन हात, आणि सूर्य. तो कुणी मागितला हे आजवर कळलेलं नाही, समित्यांमध्ये तो आपोआप उगवतो. हेडबाईंनी स्वतःसाठी फक्त एक उघडं पुस्तक घेतलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत गावाचं नाव आणि स्थापनेचं साल. एकूण वस्तू अकरा.

चित्र घेऊन हेडबाई दुकानात आल्या. मास्तर टेबलामागं बसले होते. ताईचा आवाज आला की ते त्या दिशेला बघून मान हलवायचे आणि समोर कापड धरून ठेवायचे. कापडात डोकं घातलेल्या शिंप्याकडं कुणी डोळे तपासत नाही.

"कसं वाटतंय?" हेडबाईंनी कागद भावाच्या नाकासमोर धरला.

"भरगच्च आहे," मास्तर म्हणाले. ते काही चुकीचं नव्हतं.

मास्तरणीनं कागद ओढून घेतला. "वन्सं, हा झेंडा आहे की वाणसामानाची यादी?"

"प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे."

"अर्थ जवळून कळतो. झेंडा लांबून बघतात. आणि अक्षरं मागच्या बाजूनं उलटी दिसतील, त्याचं काय?"

हेडबाईंच्या चेहऱ्यावर वीज पडल्यासारखं झालं. हा मुद्दा समितीतल्या सात डोक्यांपैकी एकातही आला नव्हता. गावाचं नाव उलटं! ज्या बाईनं चाळीस वर्षं पोरांची उलटी अक्षरं सुलटी केली, तिला हे मरणाहून वाईट. मास्तरणीला वाटलं, सुटलो. अक्षरं गेली की मासाही जाईल, मासा गेला की तलाव, हळूहळू पट्ट्यापर्यंत पोचू.

"मग दोन झेंडे करायचे," हेडबाई म्हणाल्या. "पाठीला पाठ लावून. दोन्हीकडून सुलटं."

"आरपार दिसेल ना वन्सं. उन्हात मासा माशावर येईल."

"मध्ये अस्तर घाल. काळं."

मास्तरणीनं कागदाची घडी घातली. जिंकत आलेलं भांडण स्वतःच्याच हुशारीनं हरण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचित यायचा. दोन थर, मध्ये अस्तर, वर बावीस वस्तू कापून शिवलेल्या: ते उचलायला वारा नाही, वादळ लागलं असतं.

त्या रात्री जेवताना मास्तर म्हणाले, "रंग कुठले आहेत?"

"आठ."

"मोठा असा कुठला?"

"एकही नाही."

मास्तरांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "मग पोस्टमनला सांग, आता त्यानंच इकडं यावं." आणि हसले. तिला ते हसणं सोसलं नाही. ती उठून उगाच भांडी आवरायला लागली. तिला राग आला होता, नणंदेचा, माशाचा, आणि सगळ्यांत जास्त त्या वचनाचा. एक वाक्य बोललं तर झेंडा थांबेल आणि नवरा जाळीच्या खिडकीत जाईल. नाही बोललं तर तो आपल्याच घरात अडकेल. आणि त्याला अडकवणारा झेंडा शिवायचा तिनं, स्वतःच्या हातानं.

शिवला. काम हातात घेतलं की वाईट करणं तिला जमत नसे. तीन आठवडे लागले. करवतीचे दात सतरा, सगळे सारखे. अक्षरं खडूची रेघ मारून अशी बसवली, की पट्टी लावली तरी केसभर फरक निघू नये. शेवटी तिनं नणंदेला एकच गोष्ट मागितली. "बाबांची रीत आहे. समारंभाआधी एकदा ओला करून चढवून बघायचा. रस्त्यापलीकडून." वडिलांचं नाव निघाल्यावर हेडबाईंना नाही म्हणता येईना. मंगळवार ठरला, सकाळी अकरा. ही वेळ मास्तरणीनं मुद्दाम मागून घेतली. बाराच्या आत जुना झेंडा परत जागेवर गेला की नवऱ्याला कळायचंही नाही.

पण नगराध्यक्ष अकराचे आले साडेतीनला. मोठ्या माणसांच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटंच वाजलेली असतात. मग जुना झेंडा उतरवला, शिपायानं नवा बादलीत घातला, बादलीतलं सगळं पाणी झेंड्यानंच पिऊन टाकलं, दुसरी आणावी लागली. दोरी ओढायला शिपाई कमी पडला तेव्हा सुतारांच्या अध्यक्षानंही हात लावला. समिती खांबाच्या बुडाशी माना वर करून उभी राहिली. मास्तरीण हेडबाईंना घेऊन चौक ओलांडून पलीकडं, गल्लीच्या तोंडाशी गेली.

"आता बघा, वन्सं."

हेडबाईंनी वळून बघितलं. खांबाला एक ओली गोधडी टांगलेली होती. रंग विचाराल तर चिखलाचा. घडीतून कसलीशी शेपटी बाहेर आली होती. माशाची की करवतीची मूठ, देव जाणे.

"वारा नाही म्हणून," हेडबाई म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मास्तरीण उत्तर देणार तोच तिला मागं भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज आला. चार वाजले होते.

मास्तर गल्लीतून आले, मोकळ्या आभाळाशी थांबले आणि वर बघू लागले. डावीकडं मान केली, उजवीकडं केली, डोळ्यांच्या कडेनं पट्टा शोधला. पट्टा नव्हता. त्यांनी दोन पावलं टाकली, परत घेतली. मास्तरणीचे पाय पुढं निघाले होते, पण बोललं तर नणंदेला कळणार, म्हणून ती जागीच राहिली. आणि मास्तर, समोर एक उभी आकृती दिसली म्हणून, आपल्या सख्ख्या बहिणीला म्हणाले,

"अहो बाई, जरा त्रास देतो. वाचनालयाकडं कुठून वळायचं?"

हेडबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. हातभर अंतरावरून भाऊ त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत ओळख नव्हती.

"बाई? ऐकू येतंय का?"

त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यानं आवाज ओळखला असता, आणि इतके दिवस जपलेलं त्याचं सगळं तिथंच रस्त्यात सांडलं असतं. एवढं त्यांना त्या दोन क्षणांत कळलं. हुशार बाई होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, भावाचे खांदे धरले आणि हलकेच त्याला डावीकडं वळवून उभं केलं.

"हां, हां. आभारी आहे," मास्तर म्हणाले. मग जरा ओशाळून, "बोलता येत नाही का आपल्याला? माफ करा हं, मला कळलं नाही." दोन पावलं गेल्यावर थांबून हसत म्हणाले, "राग मानू नका, पण आमच्या थोरल्या ताईला चार दिवस तुमच्याकडं शिकायला पाठवायला हवं."

हेडबाई तेही गिळून उभ्या राहिल्या. मास्तर सावकाश गेले. वाचनालयाच्या पायरीला त्यांनी चपलेच्या टोकानं स्पर्श केला, एक चढले, दुसरी चढले, आत गेले. तोवर दोघींपैकी कुणी हललं नाही.

"कधीपासून?" हेडबाईंनी विचारलं.

"दीड वर्ष. मधलं दिसत नाही. मोठा रंग तेवढा दिसतो. त्या पट्ट्यावर येतात नि जातात."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर?"

हेडबाईंनी वाचनालयाच्या दाराकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "बाबांना नेलं तेव्हा मला वाटलं होतं, मी सेवा करतेय," त्या म्हणाल्या. मग नाक पुसलं, मान ताठ केली आणि चौक ओलांडून समितीकडं निघाल्या. मास्तरीण मागोमाग धावली. तिला भीती वाटत होती. आता ही बाई गाडी बोलावणार, की सगळ्या गावासमोर भावाचं आंधळेपण मांडून झेंडा थांबवणार?

"झेंडा उतरवा," हेडबाई म्हणाल्या. तीन गल्ल्या सरळ बसल्या. "हा रद्द. जुनाच राहील."

"का पण?" इंजिनिअर म्हणाले. टाकीच्या वरचं झाकणसुद्धा झेंड्यात आलं म्हणून ते खूश होते.

"शिवण वाकडी आहे. अक्षरं ओळीत नाहीत. असली अक्षरं मी पहिलीच्या पोराचीसुद्धा खपवून घेतलेली नाहीत."

सगळ्यांनी मास्तरणीकडं बघितलं. बत्तीस वर्षांत तिच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं ठेवायचा प्रयत्न केला होता, तो पुढं दुसऱ्या गावी राहायला गेला.

"मग पुन्हा शिवून घेऊ की," ठेकेदार म्हणाला.

"कुणाकडून? एवढं बारीक काम करणारं दुसरं दुकान आहे कुठं? आणि हिला ते जमत नाही." हेडबाईंनी भावजयीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती. "हो ना गं? जमणार आहे का तुला?"

मास्तरणीनं खांबावरच्या आपल्या अक्षरांकडं बघितलं. ओल्या घडीतून दोनच दिसत होती, आणि ती दोन्ही ओळंब्यात होती.

"नाही, वन्सं," ती म्हणाली. "हात चुकला माझा. पुन्हा नाही जमायचं."

पाच वाजता, पुन्हा वर चढलेल्या जुन्या पट्ट्याच्या खुणेनं, मास्तर घरी आले ते तणतणत. बातमी त्यांच्याआधी वाचनालयात पोचली होती.

"तुझी शिवण वाकडी? भर चौकात म्हणाली? जिला आयुष्यात बटण लावता आलं नाही, ती तुझी शिवण काढते? आणि तू ऐकून घेतलंस?"

"घेतलं."

"मी नाही घ्यायचा." त्यांनी काढलेल्या चपला पुन्हा पायानं शोधल्या, एक सापडली, दुसरी टेबलाखाली गेली होती, ती वाकून ओढली. "चौकापलीकडं तिसरं तर घर आहे. आत्ता जातो आणि सांगतो तिला. चाळीस वर्षं सगळ्यांनी तिचं ऐकलं, आज ती ऐकेल."

"ऐकतील," मास्तरीण म्हणाली. "काही राखून ठेवू नका."

ते दारात थबकले. रागाच्या भरात ताईच्या घरी चाललो आहोत हे आत्ता कुठं ध्यानात आलं असावं. "तू येतेस?" त्यांनी विचारलं.

तिनं दार पुरतं उघडून धरलं. "नाही," ती म्हणाली. "तुमचे तुम्ही जा."